सिस्टर रेजिना यांच्या मरणाची साक्ष

वसई
१४ सप्टेंबर २०२४

मालनताईंना,
वसईहून जसिंता मच्याडो हिचा मनापासून नमस्कार.

माझा चेहरा तुम्हाला आठवेल की नाही, माहीत नाही. पाच वर्षांपूर्वी तुम्ही खेडहून सिस्टर रेजिनाच्या मातीला आला होतात, तेव्हा कबरीपाशी तुमचा हात धरून उभी होती ती मी, रेजिनाची धाकटी बहीण. आता शाळेतून निवृत्त झाले आहे आणि आईला सांभाळते. परवा लांज्याला तुमच्याकडे फोन लावला. तुमच्या नातीने, अक्षयाने उचलला. म्हणाली, पुरात आजीच्या कानात पाणी गेलं तेव्हापासून तिला फोनवरचं काही कळत नाही, तुम्ही पत्र लिहा, आजी वाचते आणि स्वतः लिहितेसुद्धा.

कारण मोठं आहे. रेजिनाला जाऊन जुलैमध्ये पाच वर्षं झाली. आमच्या चर्चमध्ये एखाद्याला संत ठरवण्याचं काम त्याच्या मृत्यूनंतर निदान पाच वर्षं थांबून मगच सुरू करतात. लोकांचं रडणं ओसरल्यावर आठवण उरते का, ते बघायचं असतं. तिच्या संघाच्या सिस्टरांनी बिशपना विनंती केली, आणि बिशपनी माहिती गोळा करायला फादर अंद्रू यांना नेमलं आहे.

तुम्ही हिंदू, तुम्हाला हे सगळं परकं वाटेल, म्हणून सोपं करून सांगते. संतपदाकडे जाण्याचे रस्ते ठरलेले आहेत. एक रक्तसाक्षीचा, म्हणजे श्रद्धेपायी ज्याला मारलं त्याचा. दुसरा, ज्याने सगळं आयुष्य असामान्य चांगुलपणाने काढलं त्याचा. आणि काही वर्षांपूर्वी पोपनी तिसरा रस्ता उघडला: मरण समोर दिसत असताना, दुसऱ्यावरच्या प्रेमापोटी, आपल्या खुशीने ज्याने जीव दिला त्याचा. रेजिनासाठी फादर अंद्रूंना हा तिसरा रस्ता योग्य वाटतो. तुमच्या नातीला धरता यावं म्हणून तिने आपणहून तुमचा हात सोडला. ते पाहणाऱ्या तुम्ही एकट्या.

तिचे शेवटचे शब्द तुम्हीच आम्हाला सांगितलेत. "पोरीला सांभाळ." ते आम्ही कबरीच्या दगडावर कोरून घेतले आहेत. आता फक्त त्या दिवशीचं सगळं सुरुवातीपासून लिहून पाठवा. भाषेची काळजी करू नका.

तुमची,
जसिंता

लांजा
९ ऑक्टोबर २०२४

जसिंता टीचर यांना मालन मांडवकरचा नमस्कार.

पत्र पोचून बरेच दिवस झाले. काजूच्या कारखान्यात बी फोडते, तेलाने बोटं सोलतात, पेन धरवत नाही. तुमचा चेहरा मला आठवतो. तुमचं नाक सिस्टरांसारखं आहे.

खेडला त्यांच्या मुलींच्या हॉस्टेलात मी बारा वर्षं जेवण केलं. राजश्री, माझी मुलगी, मुंबईला कपड्यांच्या कंपनीत लागली तेव्हा अक्षया दोन वर्षांची होती. सिस्टर म्हणाल्या, पोरीला इथेच आण, चाळीस आहेत त्यात एक्केचाळीसावी. तर सिस्टरांचं मला जे माहीत आहे ते लिहिते.

त्यांचा राग वाईट होता. एकदा शमिका नावाच्या मुलीने ताटातला भात टाकला म्हणून त्यांनी तिच्या तोंडात मारली. दुपारी शमिकाला ताप भरला. पोरीला जेवण जात नव्हतं म्हणून तिने टाकलं होतं. संध्याकाळी सिस्टर सगळ्या मुलींसमोर उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "शमिका आजारी होती, मी न विचारता मारलं. माझी चूक झाली." मग तिच्या शेजारी जमिनीवर बसून जेवल्या. पण महिन्याभराने दुसरीला मारलंनच.

मंडणगडकडच्या एका म्हातारीला लोकांनी आमच्या पायरीवर आणून टाकलं होतं. तिच्या पायात किडे पडले होते. मी लांब पळाले. सिस्टरांनी चिमट्याने एक एक किडा काढला. मधेच उठून विहिरीमागे जाऊन ओकल्या, चूळ भरली, परत आत गेल्या. तीन वेळा ओकल्या त्या दिवशी. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला जमत नाही तर कशाला?" त्या म्हणाल्या, "जमत नाही म्हणूनच. जमलं असतं तर तुला सांगितलं असतं." मला त्याचा अर्थ लागला नाही.

नि पाण्याला त्या फार भ्यायच्या. पावसात जगबुडी नदीच्या पुलावरून एस्टी जायची तेव्हा डोळे गच्च मिटून माळेचे मणी ओढायच्या.

टीचर, मला विचारायचं होतं. संताला भीती वाटलेली चालते का? संताला मरायचं नसलं तर? आणि समजा चुकून कोणी संत ठरलं, तर ते मागून पुसता येतं का?

पुराचं पुढच्या पत्रात लिहीन.

मालन

वसई
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय मालनताई,

तुमचं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. ती एक्याण्णव वर्षांची आहे, अंथरुणावरच असते. किडे काढल्याची हकीकत ऐकून ती म्हणाली, "लहानपणी साधी गोगलगाय बघून किंचाळायची ती." फादर अंद्रूंनी तर तो भाग उतरवून घेतला. म्हणाले, किळस न येणारी माणसं खूप असतात, किळस येऊन परत आत जाणारी थोडी.

राग हा अडसर नाही. कितीतरी संत तापट होते. चर्च निर्दोष माणूस शोधत नाही, नाहीतर एकही सापडला नसता. चौकशी सुरू झाली की तिला 'देवाची सेविका' म्हणतील. पुढे रोमला तिचं आयुष्य किंवा तिचं मरण पारखून पटलं की 'वंदनीय', मग तिच्याकडे मागितलेल्या मध्यस्थीने एखादा चमत्कार सिद्ध झाला की 'धन्यवादित', आणि आणखी एक झाला की 'संत'. याला वर्षं जातात. माझ्या हयातीत होईल असंही नाही. आणि एकदा संत जाहीर झालं की ते मागे घेत नाहीत. म्हणून तर आधी इतकी खोदून चौकशी.

परवा सर्व संतांचा सण झाला, काल मृतांचा दिवस. रेजिनाच्या कबरीवर इतक्या मेणबत्त्या होत्या की फादर अंद्रूंना येऊन सांगावं लागलं, बायांनो, तिच्यासाठी प्रार्थना करा, तिची पूजा इतक्यात मांडू नका, त्याने काम बिघडतं.

एक सांगते. ती पाण्याला भ्यायची हे फादरांपुढे बोलू नका. लहानपणी ती आमच्या विहिरीत पडली होती, त्याची ती भीती. उगाच कोणीतरी त्यातून भलता अर्थ काढील.

तुमच्या प्रश्नांवरून वाटतं, तुम्ही आमच्या लोकांच्या चौकशीला घाबरला आहात. घाबरू नका. फादर जानेवारीत लांज्याला येतील, तुमच्या ओटीवर बसूनच विचारतील. खरं सांगेन अशी शपथ घ्यावी लागेल, ती तुमच्या देवाची घेतलीत तरी चालेल. आई रोज विचारते, त्या बाईचं पत्र आलं का. तिला एकच ऐकायचं आहे, की शेवटच्या घटकेला तिची मुलगी भ्याली नाही. तेवढं ऐकून ती डोळे मिटेल.

जसिंता

लांजा
१८ डिसेंबर २०२४

जसिंता टीचर,

फादरना येऊ नका म्हणून सांगा. माझी तब्येत बरी नसते. शपथबिपथ माझ्याने होणार नाही. जे सांगायचं ते मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं, पेपरातही आलं, त्यातलंच घ्या.

आईंना माझा नमस्कार सांगा.

मालन

वसई
११ जानेवारी २०२५

मालनबाई,

तुमचं चार ओळींचं पत्र मी तीन आठवडे बाजूला ठेवलं. रागात लिहू नये असं मुलांना शिकवत आले, पण आता लिहितेच.

तुमची नात आज शाळेत जाते. माझी बहीण दोन दिवस पाण्यात होती. खाडीच्या तोंडाशी सापडली तेव्हा पायातल्या चपलेवरून ओळखली. त्या दोघींच्या मध्ये तुम्ही आहात. तुमच्याकडे मी काय मागितलं? तुम्ही पाहिलंत तेवढं शपथेवर सांगा, इतकंच. फादर म्हणतात, पेपरातलं कात्रण ही साक्ष होत नाही. तुमच्याशिवाय कागद इथेच थांबतो.

तुमच्यासाठी ती सगळ्या गावात भांडायची. अक्षयाला ठेवण्यावरून हॉस्टेलच्या प्रमुख सिस्टरशी, सुपीरियरशी, तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे. आणि तुम्हाला शपथ जड वाटते? कोणी तुमचे कान भरले आहेत का, की हे धर्म बदलायला लावतील? तसं असेल तर स्पष्ट लिहा.

आई आता पातळ पेजेवर आहे. डॉक्टर दिवस सांगत नाहीत. तुम्हाला जमत नसेल तर तेही अक्षयाला लिहायला सांगा. तिला तरी कळू दे कुणामुळे ती आहे.

जसिंता मच्याडो

लांजा
२ फेब्रुवारी २०२५

जसिंता टीचर,

तुमचं पत्र मी कारखान्यात असताना आलं. अक्षयाने फोडून वाचलं. मी घरी आले तर ती चुलीसमोर बसली होती, पेटवली नव्हती. माझ्याजवळ येऊन तोंडाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "आजी, सिस्टर ओरडत होत्या ना?"

मी म्हटलं, "काय बोलतेस गो?"

"ओरडत होत्या. सोडू नको, सोडू नको. मला आठवतंय."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"तू सगळ्यांना वेगळं सांगत होतीस."

तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता साडेअकरा. पाच वर्षं पोरीने ते गिळून ठेवलं, का तर आजी खोटी पडेल. टीचर, म्हणून आता लिहिते. शपथ लागत नाही.

आदल्या दिवशी पावसामुळे मुलींना घरी पाठवलं होतं. सुपीरियर सिस्टर रत्नागिरीला गेल्या होत्या, रस्ता बंद झाल्याने अडकल्या. हॉस्टेलात आम्ही तिघीच. सकाळी नऊला अंगणात पाणी आलं, चहा होईपर्यंत उंबऱ्याला लागलं. मी म्हटलं, सिस्टर, आताच बाहेर पडू. त्या म्हणाल्या, थांब. आणि गुडघाभर पाण्यातून तुमच्या देवाच्या खोलीत गेल्या. भिंतीला धरत गेल्या. तिथल्या पेटीत तुम्ही देवाचं शरीर मानता ती पांढरी भाकर असते ना, गोल चकत्या, त्या सगळ्या उभ्याने खाल्ल्या. मी दारातून ओरडत होते. त्या म्हणाल्या, "हे घाण पाण्यात जाऊ देता येत नाही, मालन." तेवढ्यात पाणी कमरेला आलं.

स्वयंपाकघरावर लाकडी माळा आहे. तिथे आम्ही चढलो. थोड्या वेळाने भिंतीतून आवाज यायला लागला, माती सुटल्यासारखा. मला वाटलं भिंत बसणार. अंगणात पाण्याच्या टाकीचा उंच सिमेंटचा चौथरा आहे, त्याला लोखंडी शिडी. पंधरा पावलं असेल. मी म्हटलं, तिथे जायचं. त्या म्हणाल्या, "मला नाही जमणार. तू पोरीला घेऊन जा, मी इथेच थांबते."

हे फादरना सांगा हवं तर. पण त्या त्याग म्हणून बोलल्या नाहीत, टीचर. त्यांना पाण्यात उतरायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यांचे दात वाजत होते. मीच त्यांना खाली ओढलं. म्हटलं, भिंत पडली तर काय कराल, चला. लांज्याजवळ नदीकाठी वाढले, मला पाण्याचं काही वाटत नव्हतं. पाणी उतरल्यावर मी जाऊन बघितलं. भिंत पडली नव्हती. माळ्याच्या फळ्या कोरड्या होत्या.

अक्षयाला पातळाने पाठीशी बांधली. डाव्या हाताने सिस्टरांचा हात धरला. पाणी छातीला होतं, पायाखालून जमीन ओढत होतं. शिडीपाशी पोचलो. उजव्या हाताने मी शिडीचा दांडा पकडला. त्याच वेळी सिस्टरांचे पाय सुटले. त्या पाण्यावर आडव्या झाल्या, सगळं वजन माझ्या डाव्या हातावर. त्यांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं.

पातळाची गाठ सुटली. अक्षया पाठीवरून घसरायला लागली. तिने माझ्या गळ्याला मिठी मारली, मला श्वास घेता येईना, मग तीही मिठी ढिली पडली. मला एक हात हवा होता. दांडा सोडला तर तिघी जाणार.

मी सिस्टरांना म्हटलं, "सिस्टर, सोडा." त्या म्हणाल्या, "मालन, सोडू नको. सोडू नको गं." मी परत म्हटलं, "पोर चालली, सोडा." त्या नुसतं सोडू नको, सोडू नको. त्यांना माझं ऐकू आलं की नाही, माहीत नाही.

मी मनगट पिरगळलं. एकदा सुटलं नाही. दुसऱ्यांदा शिडीच्या कडेवर आपटलं, त्यांच्या बोटांसकट. तेव्हा सुटलं.

त्यांनी हात सोडला नाही, टीचर. मी सोडवला.

दुपारी माणसं होडी घेऊन आली. आम्ही चौथऱ्यावर होतो. त्यांनी विचारलं, सिस्टर कुठे? माझ्या तोंडून निघालं, त्यांनी हात सोडला. कोणीतरी विचारलं, काही बोलल्या का? मी म्हटलं, पोरीला सांभाळ म्हणाल्या. ते कुठून आलं मला माहीत नाही. तिथल्या तिथे आलं. सगळे रडायला लागले, दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, मग तुम्ही दगडावर कोरलंत. कबरीपाशी तुम्ही माझा हात धरलात तो डावा होता. सुजलेला होता. तुम्ही विचारलंत, पुरात लागलं का? मी हो म्हटलं.

सिस्टरांना मरायचं नव्हतं. तुमच्या आईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फादरना हे पत्र द्या. मला बोलावलं तर येईन.

मालन

लांजा
६ एप्रिल २०२५

जसिंता टीचर,

पत्र रजिस्टर केलं होतं. पोचल्याची तुमच्या सहीची पावती माझ्याकडे आली, त्याला दोन महिने होत आले. तुम्ही लिहिणार नसाल तर ते बरोबर आहे. फक्त आई कशा आहेत ते कळवा. नुसतं कार्ड टाकलंत तरी चालेल.

मालन

वसई
१५ जून २०२५

मालन,

आई १९ फेब्रुवारीला गेली.

तुमचं पत्र त्याआधी आठ दिवस आलं होतं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा आई जागी होती. सही करून आत आले तर म्हणाली, "तिचंच ना? वाच." मी तिच्या खाटेवर बसून फोडलं आणि मनात वाचत गेले. ती म्हणाली, "मोठ्याने वाच गं." मी वाचलं. जे तुम्ही लिहिलं नव्हतं ते वाचलं. रेजिना हसली, म्हणाली पोरीला सांभाळ, क्रूसाची खूण केली आणि हात सोडला. पस्तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, आणि इतकं सफाईदार वाचलं की मलाच रडू आलं. आईने ते चार वेळा वाचायला लावलं. चारही वेळा शब्द तेच ठेवावे लागले. तेव्हा होडीवाल्यांपुढचं तुमचं ते खोटं मला समजलं.

ती शांतपणे गेली. ते मी खोट्याने मिळवलं.

पुढे दोन महिने तुमचं पत्र आईच्या उशीच्या खोळीत पडून होतं. फाडणार होते. दोनदा हातात घेतलं. फादर अंद्रू दुखवट्याला आले आणि विचारलं, लांज्याच्या बाईचं काही कळलं का, मी नाही म्हटलं. मग ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी उठले आणि तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. सोबत आणखी एक दिलं.

ते रेजिनाचं होतं. पुराच्या दोन महिने आधी मला लिहिलेलं. संतपदाच्या चौकशीत माणसाने लिहिलेला कागदन् कागद द्यावा लागतो. मी तिची सगळी पत्रं दिली होती, हे एक काढून ठेवलं होतं. त्यात तिने लिहिलं होतं, "गेल्या पावसात अंगणापर्यंत पाणी आलं. मला इथे फार भीती वाटते, जसिंता. इतकी, की प्रार्थनेत दुसरं काही येत नाही. सुपीरियरना सांगायला लाज वाटते. तू वसईला आमच्या मोठ्या सिस्टरना भेट, माझी बदली कुठेही होऊ दे, डोंगरावर चालेल." मी भेटले नाही. तिला उत्तर लिहिलं, व्रत घेताना घाबरली नाहीस आणि आता पाण्याला घाबरतेस? गावात लोक काय म्हणतील, आईला काय वाटेल? तिचं पुन्हा पत्र आलं नाही.

तुम्हाला मी लिहिलं होतं, ती पाण्याला भ्यायची हे बोलू नका. त्याचं कारण विहीर नव्हतं.

फादरांनी दोन्ही पत्रं माझ्यासमोर वाचली. मग म्हणाले, तिसरा रस्ता बंद झाला. आपल्या खुशीने दिलेला जीव आणि हिसकून गेलेला जीव यांत चर्चला फरक करावाच लागतो. मी म्हटलं, आणि ती म्हातारी? ते किडे? चाळीस मुलींसमोर मागितलेली माफी? ते म्हणाले, तो दुसरा रस्ता, त्यावर विचार करता येईल. पण मे महिन्यात सिस्टरांच्या संघाने आपली विनंती मागे घेतली. हे बाहेर आलं तर संघाची नाचक्की होईल, असं त्यांचं मत पडलं. कागद कपाटात गेले.

मी फादरना विचारलं, "मग माझी बहीण संत नाही?"

ते म्हणाले, "चर्च कोणाला संत बनवत नाही, जसिंता. देवाजवळ पोचलेला प्रत्येक जण संतच. त्यातल्या थोड्यांची नावं आम्ही खात्रीने सांगू शकतो. तुझ्या बहिणीचं सांगता येणार नाही, एवढंच."

एवढंच, म्हणाले. दगडावरचे शब्द अजून आहेत. ते काढावेत असं कोणी म्हणत नाही, मीही म्हटलं नाही.

तुम्हाला मी क्षमा केली, असं वर एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडून पत्र परत उतरवून काढलं. आमच्या धर्मात क्षमा करायची असते आणि मला ती येत नाही. तुमच्या जागी मी काय केलं असतं हे मला कळतं, तरी येत नाही. डोळे मिटले की शिडीची ती कड दिसते.

एकच विचारते. तिची बोटं सुटल्यावर तिने तुमच्याकडे पाहिलं का? काही बोलली का? प्रार्थना, शिवी, माझं नाव, तुमचं नाव, काहीही. आणि मालन, मी आईला सांभाळलं तसं मला सांभाळू नका.

जसिंता

लांजा
२९ जून २०२५

जसिंता टीचर,

आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही त्यांना जे वाचून दाखवलंत त्याचा दोष मी तुम्हाला देऊ शकत नाही.

अक्षया आता इथे नसते. फेब्रुवारीत मी तिला बसवून सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तेच. चार दिवसांनी म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच." मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही गो. मी केलं. तू सहा वर्षांची होतीस." म्हणाली, "पण हात माझ्यासाठी मोकळा केलास ना." मग ती माझ्याशी बोलायची, पण माझ्या हातचं जेवेना. शाळेच्या परीक्षा झाल्यावर राजश्री येऊन तिला मुंबईला घेऊन गेली. फोन येतो, मला ऐकू येत नाही, शेजारीण सांगते, बरी आहे म्हणून.

क्षमेचं वाक्य खोडलंत ते बरं केलंत. मला ते नुसतं लिहिलेलं नको होतं.

सिस्टर संत की नाही हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता फादर म्हणतात तेही पुरतं कळलं नाही. मी त्यांच्यासोबत बारा वर्षं होते. पाण्याला इतकी भिणारी बाई माझ्या सांगण्यावरून पाण्यात उतरली, माझा हात धरून. मला तेवढं पुष्कळ आहे, आणि तेवढंच मला झोपू देत नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. हे पत्र लिहायच्या आधी मी पुष्कळ आठवून बघितलं. एखादा शब्द घालावा असं मनात आलं. तुमचं नाव घेतलं असं लिहिलं असतं तर तुम्हाला कधीच कळलं नसतं, आणि माझंही ओझं थोडं कमी झालं असतं. लिहीत नाही.

हात आपटताना मी डोळे मिटले होते. बोटं सुटलेली मला नुसती जाणवली. मग आधी अक्षयाला ओढून शिडीवर घेतली, तिचा श्वास चालू आहे का बघितलं, आणि मग मागे वळले. तेव्हा पाणीच होतं. सिस्टरांनी पाहिलं की नाही, काय बोलल्या, कोणाला हाक मारली, मला माहीत नाही. मी बघितलं नाही.

मालन